मॉडेल ए फोर्डच्या ॲक्सलवर पुढच्या काळातले ड्रम ब्रेक आणि हब : कोणी बसवलेत का?

आडवी_स्प्रिंग
मंडळी, गाडी १९३० ची मॉडेल ए टूरर. उजव्या हाताचं स्टिअरिंग, १९ इंची तारांची चाकं, चारही चाकांना फोर्डचे मूळचे ११ इंची रॉडवाले ब्रेक, म्हणजे पॅडलचा जोर दांड्यांनी चाकापर्यंत जातो. मुक्काम कोथरूड. पेठांमधून फिरवायला काहीच त्रास नाही, कारण तिथे गाडी पुढे सरकतेच कुठे! पण सासवडहून परत येताना दिवे घाट उतरायचा म्हटलं की पोटऱ्या भरून येतात, आणि खाली वडकीला पोचेपर्यंत गाडी डावीकडे ओढायला लागलेली असते.

अमेरिकेतला मावसभाऊ फोर्डचाच हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) सेट द्यायला तयार आहे. चार बॅकप्लेट (ॲक्सलला बसणारी ताटली), शू (ड्रमला आतून घासणारे), ड्रम आणि हब (चाक बसतं तो मध्यभाग). तो म्हणतो, थेट बोल्ट होतं, काही करावं लागत नाही. हे 'काही करावं लागत नाही' ऐकूनच मला धडकी भरली आहे. ॲक्सल मूळचाच ठेवायचा आहे. काय काय बघू?

वंगण
आधी एक सांग, रॉडचे ब्रेक खरंच खराब आहेत की ढिले आहेत? मॉडेल ए च्या ब्रेकला नावं ठेवणाऱ्या दहातल्या नऊ गाड्यांत रॉड जोडणाऱ्या क्लेव्हिस पिना अर्ध्या झिजलेल्या असतात आणि क्रॉस शाफ्टच्या (आडव्या दांड्याच्या) बुशात बोट जाईल एवढी फट असते. पॅडलचा अर्धा प्रवास ती फट भरण्यातच संपतो. पिना आणि बुश नवे घाल, लायनर (शूवरचं घर्षणाचं अस्तर) ड्रमच्या गोलाईला घासून बसव आणि मग बोल. एका टनाच्या आसपासची गाडी, ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. तिला रेसिंग ब्रेक लागत नाहीत.

आडवी_स्प्रिंग
पिना, बुश सगळं गेल्या वर्षी नवं केलं. सपाटीवर गाडी झकास थांबते. तक्रार फक्त घाटातली.

टर्नरकाका
मग ड्रमकडे बघा. मूळचे ड्रम प्रेस केलेल्या पत्र्याचे असतात. तापले की फुगतात, आणि फुगताना सारखे फुगत नाहीत, उघड्या तोंडाकडे जास्त पसरतात. शू सरळच राहतो, ड्रम घंटेसारखा होतो. मग लायनर फक्त ड्रमच्या बंद तळाकडच्या कडेवर घासतं आणि तुम्ही पॅडलवर उभे राहिलात तरी फरक पडत नाही. डावा ड्रम आणि उजवा ड्रम कमीजास्त फुगला की गाडी ओढणारच. लायनर काढून बघा, तळाकडच्या बाजूला चकाकी आणि उघड्या तोंडाकडच्या बाजूला कोरं असेल.

यावर ओतीव ड्रम हा उपाय आहे. ११ इंचीच, मूळ शू आणि मूळ रॉडवर बसणारे. मॉडेल ए साठी नवीन तयार होतात. निम्मे लोक तिथेच थांबतात आणि सुखी असतात.

जीपवाला_हडपसर
एवढं परदेशातून कशाला मागवायचं? आपल्या जुन्या जीपचे हब बघा. चाकाचे पाच बोल्ट, त्यांच्या केंद्रांतून जाणारं साडेपाच इंचाचं वर्तुळ. फोर्डचंही तेच आहे. नाना पेठेत जीपचा माल हवा तेवढा मिळतो, जुन्या बाजारात नशीब असलं तर बुधवारी अर्ध्या किमतीत.

सुमेधा_यांत्रिक
दादा, वर्तुळ जुळतं हे खरं, पण त्यापुढे काहीच जुळत नाही. जीपचा पुढचा ॲक्सल चालता, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही, आणि पोकळ स्पिंडलमधून (हब ज्यावर फिरतो त्या खुंटातून) शाफ्ट जातो. हबची बेअरिंगं त्या जाड नळीवर बसतात. मॉडेल ए ला पुढे आय-सेक्शनचा भरीव ॲक्सल आणि बारीक, निमुळता होत जाणारा स्पिंडल. जीपचा हब त्यावर खुळखुळेल. आणि जुन्या विलीज धाटणीच्या जीपचा ड्रम ९ इंची असतो. ११ इंची काढून ९ इंची घालायचा? तापायला धातू कमी, घर्षणाची त्रिज्या कमी. घाटाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हा सल्ला नको.

आणखी एक, जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे. अर्धी गाडी उलट्या आट्यांची आणि अर्धी सरळ झाली की पंक्चरवाला एक तरी स्टड तोडणार.

जीपवाला_हडपसर
ताई, शेवटचा मुद्दा मान्य. बाकीचे पण मान्य, पण जरा हळू 😀

सुमेधा_यांत्रिक
@आडवी_स्प्रिंग, तुमच्या मावसभावाला पहिला प्रश्न विचारा : सेट नक्की कोणत्या सालचा? फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ ला आणले. क्रायस्लरने १९२४ पासून दिले होते, प्लिमथवर १९२८ पासून, पण हेन्री फोर्ड रॉडवर अडून बसले होते. आता गंमत अशी की १९३६ ते ३९ या गाड्यांचे बोल्ट सव्वादहा इंचाच्या वर्तुळावर होते. ड्रमच्या जवळपास कडेलाच. म्हणजे १९३९ चा सेट आला तर ब्रेक उत्तम, पण तुमचं एकही चाक त्यावर चढणार नाही. १९४० पासून परत साडेपाच इंच.

पाच बोल्टांत समोरासमोर मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन बोल्टांच्या केंद्रांमधलं अंतर घ्यायला सांगा. ८२ मिलिमीटर आलं तर साडेपाच इंच. दीडशेच्या वर आलं तर नमस्कार करून परत पाठवा.

आडवी_स्प्रिंग
विचारलं. ८२. वाचलो. ड्रम १२ इंची आहेत आणि ओतीव आहेत.

टर्नरकाका
छान. आता पुढचा ॲक्सल. बॅकप्लेट चार बोल्टांवर स्पिंडलला बसते, तिथे फार अडत नाही. अडतं ते आतल्या बेअरिंगशी. मॉडेल ए च्या स्पिंडलचा आतला टप्पा बारीक आहे, पुढच्या काळातल्या हबला मोठं बेअरिंग लागतं. मधे बाही (नळीसारखं कडं) घालावी लागते. ही बाही कुठल्याही पाइपाचा तुकडा कापून करू नका. आतून स्पिंडलवर घट्ट सरकती, बाहेरून बेअरिंगच्या आतल्या रिंगला बरोबर, आणि टेकायची कड काटकोनात हवी. कड तिरकी असेल तर बेअरिंग तिरकं, हब तिरका, ड्रम डुलणार. मग तुम्ही ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढत बसाल आणि पॅडल मऊ का म्हणून डोकं धराल.

कोणी म्हणेल, सरळ नवे स्पिंडलच घाला. घालता येतात, पण १९४२ पासून ॲक्सलच्या टोकाचा किंगपिनचा बॉस (स्पिंडल ज्या पिनवर वळतो ती पिन शिरायचा जाड भाग) बुटका झाला. त्या सालापासूनचे स्पिंडल जुन्या उंच बॉसवर शिरत नाहीत. १९३७ ते ४१ मधले चालतात.

तिरका_पाना
मधेच एक विचारतो. फोर्डच्या एफ-१ पिकअपचे ब्रेक जास्त चांगले म्हणतात ना?

टर्नरकाका
१९४८ ते ५२ च्या पिकअपचे. हो, ते बेंडिक्स पद्धतीचे. पुढचा शू ड्रमबरोबर फिरायला बघतो आणि मागच्या शूला ढकलतो, म्हणून कमी पायात जास्त जोर. या फोर्डच्या सेटमध्ये दोन्ही शू खाली आपापल्या पिनवर अडकवलेले, एकच शू स्वतःहून चावतो. पण बेंडिक्सला बॅकप्लेटचं मधलं भोक मोठं, तिथे रिंग घालून केंद्र जुळवावं लागतं. शिवाय जोर वाढवणारा ब्रेक चूकही वाढवतो. एका लायनरवर ग्रीसचा डाग पडला की गाडी सरळ दुभाजकाकडे. हातात जे आलंय ते नीट बसवा.

नियमावली
कोणी कागदांचं बोलत नाही म्हणून मी बोलतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने जुन्या वाहनांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, तर ती विंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर आणायची. ब्रेक बदलले तर 'मूळ स्वरूप' राहिलं का?

वंगण
हेच म्हणतोय मी. रॅलीतले परीक्षक वाकून खाली बघतात. रॉडच्या जागी पाइप दिसला की मार्क गेले.

जीपवाला_हडपसर
मार्क गेले तर चालतील. घाटात गाडी गेली तर?

वंगण
नव्वद वर्षं लोक याच रॉडवर घाट उतरले. पहिल्या गिअरमध्ये उतरायचं. आपल्याला टॉपमध्ये उतरायची घाई झाली आहे, तो ब्रेकचा दोष नाही.

सुमेधा_यांत्रिक
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, पण नियमात चॅसी, शेल आणि इंजिन ही तीनच नावं आहेत. बोल्टवर बसलेला आणि बोल्ट काढून उतरणारा ब्रेक म्हणजे चॅसीतला फेरफार, असं मला वाटत नाही. मात्र मास्टर सिलिंडरसाठी (पॅडल दाबलं की ऑइल ढकलणारा) फ्रेमवर वेल्डिंग केलंत किंवा क्रॉस मेंबर (फ्रेमचा आडवा भाग) कापलात तर तो सरळसरळ फेरफार. म्हणून ब्रॅकेट फ्रेमच्या असलेल्या भोकांवर, नाहीतर क्लॅम्पवर. नवीन भोक एकही नाही. रॉड, क्रॉस शाफ्ट, जुने ड्रम तेल लावून, चिठ्ठ्या बांधून ठेवा. उद्या मुलीला मूळ रूपात हवी असेल तर एका शनिवार-रविवारात परत होईल.

आता खरा विषय, मागचा ॲक्सल. सगळे पुढच्या चाकांवर अडकतात आणि मागे फक्त 'टेपर सारखाच आहे' म्हणून नट आवळतात.

मागचा हब निमुळत्या शाफ्टवर दाबून बसतो. चावी (दोघांच्या खाचेत बसणारी पट्टी) असते, पण जोर चावीने घ्यायचा नसतो. पकड टेपरची, म्हणजे त्या निमुळत्या भागाची. बेअरिंग हब आणि ॲक्सलच्या नळीच्या मधे आहे, म्हणून गाडीचं वजन नळीवर जातं. पण हबला बाहेर निसटू न देणारं काय? फक्त तो शाफ्ट. टेपर ढिला असेल तर हब प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक क्लचला किंचित पुढेमागे होतो, चावीची खाच मार खाते, एक दिवस खाचेच्या कोपऱ्यातून तडा जातो आणि शाफ्ट तुटतो. चाक, हब आणि ड्रम तिघं मिळून बाहेर चालू पडतात.

रॉडच्या ब्रेकमध्ये असं झालं तर एक चाक गेलं, उरलेल्या तिघांचा ब्रेक शिल्लक. हायड्रॉलिकमध्ये ड्रम गेला की शू उघडे, व्हील सिलिंडरचे (शू ढकलणाऱ्या, चाकातल्या सिलिंडरचे) पिस्टन बाहेर पडणार, एका दाबात सगळं ऑइल रस्त्यावर. चारही चाकं गेली. म्हणजे हायड्रॉलिक लावल्यावर हबची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. तुम्ही ब्रेक विकत घेताय असं समजू नका, आधी हब घेताय.

आडवी_स्प्रिंग
हे वाचून काल रात्री झोप उडाली. टेपर तपासायचा कसा?

टर्नरकाका
सोपं आहे. शाफ्टचा टेपर आणि हबचं आतलं भोक दोन्ही केरोसिनने स्वच्छ, कोरडं. शाफ्टवर ब्लूचा (टेकल्याची खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात. चावी न घालता हब सरळ ढकला, थोडा फिरवा, काढा. ब्लू हबच्या आत सगळीकडे लागला पाहिजे, निदान तीन चतुर्थांश. फक्त तोंडाशी पट्टा आला किंवा फक्त आतल्या टोकाला आला, तर तो हब लटकतोय.

पट्टा थोडाच कमी असेल तर बारीक लॅपिंग पेस्टने हब शाफ्टवर घासून बसवता येतो. पण जपून. टेपरमध्ये केसभर धातू गेला की हब बराच आत सरकतो, आणि आत सरकला की ड्रमची कड बॅकप्लेटला घासते. झिजलेल्या हबसाठी पातळ शिम (मधे घालायचा पत्रा) मिळते. चांगल्या हबवर ती घालू नये, आणि झिजलेल्यावर घालण्यापेक्षा हब बदललेला बरा, असं माझं मत.

बसवताना टेपरला ग्रीस नाही, तेल नाही. काही मिस्त्री 'पुढच्या वेळी निघायला सोपं' म्हणून बोट फिरवतात. त्याला पुढची वेळ लवकर येते. नट १०० फूट-पाउंडांच्या वर, टॉर्क पान्याने. कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनेचं) भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळा, मागे सोडू नका. थोडं चालवून परत तपासा.

तिरका_पाना
काका, ड्रम हबपासून सोडवायचा कसा? माझ्याकडे एका गॅरेजवाल्याने हातोड्याने स्टड ठोकून काढले, तेव्हापासून ड्रम पॅडल उडवतो.

टर्नरकाका
उडवणारच. जुन्या फोर्डचे स्टड हबमध्ये नुसते दाबलेले नसतात, त्यांची मान पसरवून ड्रम जखडलेला असतो. तशाच ठोकलेल्या स्टडबरोबर ती पसरलेली मान भोक ओढत बाहेर येते, आणि हबचं तोंड वाकतं. आधी मानेभोवतीची कॉलर पोकळ कटरने कापायची. कटर स्टडवर बसतो, बारीक चांदीसारखी कड निघते, आणि ती रिंग सुटली की स्टड प्रेसमध्ये शांतपणे खाली येतो. हातोडा कपाटात.

नवा ड्रम लावल्यावर हबसकट लेथवर घ्यायचा, ड्रम एकटा नाही. हबच्या बेअरिंगच्या जागेला केंद्र धरून आतली बाजू हलकीशी मारायची. धायरी, शिवण्याकडे ड्रम मारणारे भरपूर आहेत, पण समोर उभे राहा आणि त्याला हब धरायलाच लावा. बहुतेक जण ड्रमची बाहेरची कड धरतात, कारण पटकन होतं.

सुमेधा_यांत्रिक
आणखी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही : तारांची चाकं. मॉडेल ए चं चाक बोल्टच्या बाहेरच्या एका वर्तुळावर टेकतं. पुढच्या काळातल्या ड्रमचं तोंड पत्र्याच्या चाकासाठी केलेलं आहे, त्या वर्तुळावर त्याचा आधारच नाही. नट आवळले की चाकाचा मध्यभाग आत खेचला जातो, ताठ वाटतो, आणि काही दिवसांनी नट ढिले होतात किंवा चाकाच्या मध्याला चीर पडते. यासाठी मधे आधाराची रिंग मिळते. ती मागवाच. मग स्टडची लांबी परत मोजा, रिंगच्या जाडीने आटे कमी पडतात.

आडवी_स्प्रिंग
रिंग मावसभावाच्या डोक्यातच नव्हती. सांगितली.

पाइपिंगचं काय करू? पॅडल गिअरबॉक्सच्या शेजारी, जमिनीखाली. सिलिंडर तिथेच लावायचा विचार आहे.

सुमेधा_यांत्रिक
तिथे लागला म्हणजे मास्टर सिलिंडर चाकांच्या सिलिंडरच्या खाली गेला. ऑइल उतारानं परत टाकीत येणार आणि पहिलं पॅडल दरवेळी रिकामं जाणार. लाइनमध्ये ड्रमसाठीचा १० पीएसआयचा रेसिड्यूअल व्हॉल्व्ह (थोडा दाब राखून ठेवणारा) घाला. डिस्कसाठीचा २ चा मिळतो, तो चालणार नाही. काही मास्टर सिलिंडरमध्ये तो आतच असतो, मग वेगळा घालायचा नाही.

सिलिंडर दोन सर्किटचा. एक पुढे, एक मागे. वर सांगितलेला शाफ्ट तुटण्याचा किस्सा आठवा, यावर वाद नको. चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीचाच घ्या. पॅडलचं गुणोत्तर साधारण ६ ला १ ठेवा, बूस्टर नाही म्हणून. आणि पुशरॉडला (पॅडलपासून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) थोडी मोकळी चाल हवी. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक बंद राहतं, तापलेल्या ऑइलला जागा मिळत नाही आणि चढावर गाडी आपोआप ब्रेक लावायला लागते. लोक शू ढिले करत बसतात.

पाइप स्टीलचा किंवा तांबं-निकेलचा. एसीवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप नाही, तो कंपनाने कडक होऊन तडकतो. पाइपाच्या तोंडाची फ्लेअर (पसरवलेली कड) दुहेरी. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, नवीन डबा.

नियमावली
आणि हँडब्रेक विसरू नका. मोटार वाहन नियमांत पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक, दोन स्वतंत्र सांगितलेत. रॉड काढल्यावर तुमचा हँडब्रेकही गेला.

वंगण
मागच्या शूला केबलचा लिव्हर त्या सेटमध्ये असतो. मूळच्या हँडब्रेकच्या दांड्याला केबल जोडता येईल. दांडा तोच, दिसायला काहीच फरक नाही. (मी विरोधात आहे, पण अर्धवट झालेलं काम बघवत नाही.)

टर्नरकाका
जुने शू काढताना एक. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कोरडा ब्रश नाही. ओलं करून पुसा, चिंध्या पिशवीत बांधून टाका, मास्क लावा. आमच्या पिढीने फुंकर मारून साफ केले, तुम्ही करू नका.

आडवी_स्प्रिंग
अपडेट. माल आला. पुढचे हब बसले, बाही भोसरीत करून घेतली, डायलवर (डुलणं मोजायच्या मापावर) ड्रम जेमतेम हलतो. तार-चाकांची रिंग आली, स्टड लांब घ्यावे लागले.

मागे अडकलो. ब्लू मारला. डावा हब पूर्ण निळा. उजव्या हबला फक्त तोंडाशी बोटभर पट्टा, आत कोरा. जुना फोर्डचा मूळ हब त्याच शाफ्टवर घालून पाहिला, तो पूर्ण निळा येतो. म्हणजे शाफ्ट बरा आहे, नवा आलेला हबच गेलाय.

टर्नरकाका
उत्तम तपासलंत. लॅप करू नका, बोटभर पट्ट्यावरून पूर्ण बसेपर्यंत हब फार आत जाईल. दुसरा उजवा हब मागवा.

आडवी_स्प्रिंग
मावसभाऊ म्हणतो शिम घालून चालव, तिकडे सगळे चालवतात.

सुमेधा_यांत्रिक
त्यांना विचारा, तिकडे दिवे घाट आहे का?

वंगण
😀 हे मात्र पटलं. तोवर पुढे हायड्रॉलिक आणि मागे रॉड असला अर्धा प्रयोग करू नकोस. दोन्हींचं पॅडल एकच, पण चाल वेगळी, एक लागेपर्यंत दुसरा लागतच नाही.

आडवी_स्प्रिंग
नाही करत. गाडी स्टँडवर आहे. हब मागवलाय. दरम्यान मास्टर सिलिंडरचा ब्रॅकेट करतोय, फ्रेमची जुनी दोन भोकं सापडली आहेत. त्यात बसेल असं दिसतंय. रविवारी कोणी कोथरूडला येऊन बघणार असेल तर चहा आहे. काका, ब्लूची बाटली तुमचीच आहे, परत न्यायला या.

टर्नरकाका
येतो. दुपारी चारनंतर. डायल घेऊन येतो, डावा मागचा ड्रम मला स्वतः बघायचाय.